चमच्यावरून पेढीचा इतिहास कसा वाचावा

इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील एखाद्या घराण्याच्या चांदीकाम व काटेचमच्यांच्या पेढीचा इतिहास शोधताना कागदपत्रांआधी चमचाच हाती घ्यावा. दांड्यामागचे ठसे भिंगाखाली, तिरप्या उजेडात पाहावेत: चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, मुकुट म्हणजे १७७३ साली स्थापन झालेले, चांदीची शुद्धता पारखणारे तेथील तपासणी कार्यालय (१९७५ पासून मुकुटाऐवजी गुलाब आला), आणि सुटे अक्षर म्हणजे वर्ष. मात्र वर्णमाला पुन्हापुन्हा वापरली गेल्याने अक्षराचे वळण आणि चौकटीचा आकार, दोन्ही वर्षाक्षरांच्या छापील तक्त्याशी जुळवावेत; घाईत येथेच फसगत होते. निर्मात्याच्या आद्याक्षरांत बदल दिसल्यास मुलगा किंवा भागीदार आला असावा, असे धरून जुन्या व्यापारी निर्देशिकांत पडताळावे. ‘ईपीएनएस’ असल्यास तो निकेलच्या मिश्रधातूवरील चांदीचा मुलामा समजावा.