नागपूरच्या महाल भागातला वाडा, कुजलेला सज्जा आणि तिसरा अर्ज (माझा अनुभव)

लक्षण: हेरिटेज परवानगीचा अर्ज दोनदा परत, शेरा एकच, ‘त्रुटींची पूर्तता करावी’. कोणती त्रुटी, ते कुठेच नाही.

वाडा हेरिटेज यादीत श्रेणी 3 मध्ये. रस्त्याकडचा सागवानी सज्जा कुजलेला, खालचा गिलावा फुगलेला. पहिल्या अर्जात मी नुसतं ‘नूतनीकरण’ लिहिलं, दुसऱ्यात फक्त नव्या दर्शनी भागाचा नकाशा जोडला. अख्खा पावसाळा सज्ज्याला बल्ल्यांचा टेकू देऊन काढला.

तिसऱ्यांदा आधी यादीतली नोंद आणि आखीव पत्रिका (मिळकतीची मालकी दाखवणारा सरकारी कागद) ताडून पाहिली. यादीत आजोबा, पत्रिकेवर बाबा आणि काका! मग सगळ्या वारसांची संमतीपत्रं. (आत्याची सही सगळ्यात शेवटी आली, अर्थातच.) त्यानंतर आर्किटेक्टकडून सध्याचा आणि प्रस्तावित दर्शनी भाग एकाच कागदावर, एकाच स्केलमध्ये, फोटोंना क्रमांक, तेच क्रमांक नकाशावर.

खरी गाठ सुटली साहित्याच्या तक्त्यात. ‘लाकूड’ऐवजी ‘साग, जुन्याच मापाचा’. ‘प्लास्टर’ऐवजी ‘चुन्याचा गिलावा’. सिमेंटमुळे जुन्या भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. आमचा गिलावा फुगला तो मागच्या दुरुस्तीतल्या सिमेंटमुळेच. ॲल्युमिनियमच्या खिडक्या मीच प्रस्तावातून काढल्या.

जसंच्या तसं दुरुस्त करायचं काम आणि नवा बदल असे दोन वेगळे भाग करून अर्ज दिला. पाहणी झाली, प्रस्ताव हेरिटेज समितीपुढे गेला आणि मंजूर झाला. अट एकच: सज्ज्याखालचे कोरीव घोडे (सज्जा पेलणारे लाकडी आधार) उतरवून, साफ करून, त्याच जागी बसवायचे.