कीटकभक्षी वनस्पतींची हिवाळी झोप : कुंड्या कशा सांभाळाव्यात

दिवस लहान होऊ लागले की व्हीनस फ्लायट्रॅप बाळगणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. सापळे कडेने काळे पडू लागलेले असतात, नवीन पाने आखूड राहून मातीलगत पसरतात, आणि किडा आत शिरला तरी सापळा अर्धवट मिटून तसाच राहतो. अशा वेळी बहुतेक जण घाबरून कुंडी उबदार जागी नेतात, पाणी वाढवतात आणि काही जण तर खतही घालतात. वास्तविक रोप आजारी नसते, ते झोपायच्या तयारीला लागलेले असते, आणि त्याला जागे ठेवण्याच्या या धडपडीतच ते दगावते. थंडीने मेलेल्या रोपांपेक्षा उबदार, दमट आणि अंधाऱ्या कोपऱ्यात कुजून गेलेली रोपे मी कितीतरी अधिक पाहिली आहेत. म्हणून पुढील सल्ल्याचा रोख रोपाला थंडीपासून वाचवण्यापेक्षा त्याला पुरेशी थंडी मिळवून देण्याकडे अधिक आहे.

सर्वप्रथम आपल्या संग्रहातील कोणती रोपे झोपतात आणि कोणती नाही, याची खात्री करून घ्यावी. व्हीनस फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलायना राज्यांच्या किनारी मैदानांतला, सारासेनियाच्या (किडे पकडणारी घटासारखी पाने असलेल्या वनस्पतींच्या) बहुतेक जाती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या, तर नागाच्या फण्यासारख्या घटांची डार्लिंग्टोनिया कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातली आणि ओरेगॉनमधली आहे. या सर्वांना हिवाळ्यात तीन ते चार महिन्यांची विश्रांती लागते. ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, ड्रोसेरा इंटरमीडिया, ड्रोसेरा फिलिफॉर्मिस यांसारखे थंड प्रदेशातील दवबिंदूही (ड्रोसेरा वनस्पतींचे हे मराठी नाव) याच गटात मोडतात. याउलट नेपेन्थिस, म्हणजे घटपर्णी, उष्णकटिबंधातील असल्याने तिला अशी झोप नसते, आणि तिला फ्लायट्रॅपशेजारी गारठ्यात ठेवणे म्हणजे तिचा जीव घेणे होय. ड्रोसेरा केपेन्सिसही वर्षभर वाढत राहतो, थंडीत फक्त मंदावतो. ऑस्ट्रेलियातील कंदवर्गीय दवबिंदूंचे चक्र तर अगदी उलटे आहे: ते हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळ्यात जमिनीखालच्या कंदात निद्रिस्त होतात. नावाची चिठ्ठी नसलेली कुंडी हिवाळ्यात का धोक्यात असते, हे यावरून लक्षात यावे.

या झोपेला दोन गोष्टी चालना देतात, एक म्हणजे घटत जाणारा उजेडाचा काळ आणि दुसरी उतरत जाणारे तापमान. दिवस लहान होताना रोप पानांवरचा खर्च कमी करते आणि साठवलेले अन्न जमिनीलगतच्या जाड खोडात, म्हणजे रायझोममध्ये, राखून ठेवते. वसंतात फुटणारी पहिली पाने आणि फुलांचे दांडे याच साठ्यावर उभे राहतात. दिव्याखाली चौदा तास उजेड आणि खोलीतील ऊब देऊन रोपाला बारा महिने वाढायला लावले, तर एखादे वर्ष ते निभावून नेते, दुसऱ्या वर्षी पाने बारीक येतात आणि त्यानंतर बहुधा ते हळूहळू खंगत जाते. बियांपासून तयार केलेली अगदी लहान रोपे पहिली एक-दोन वर्षे उजेडात व उबेत वाढवत ठेवणारे उत्पादक आहेत, आणि ते चालूनही जाते. पण मोठ्या रोपाला ही सवलत देऊ नये.

रोप जिवंत आहे की नाही, याची शंका आल्यास पानांकडे पाहण्यात अर्थ नाही. कुंडीच्या वरच्या थरातील पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती) बोटाने हलकेच बाजूला सारून रायझोम पाहावा. निरोगी फ्लायट्रॅपच्या बुडाशी पांढऱ्या, मांसल देठांची एकावर एक बसलेली खवले दिसतात, जणू लहानसा कांदाच, आणि त्यांच्या मधोमध हिरवट-गुलाबी रंगाची, टाचणीच्या डोक्याएवढी कोंबाची टोके घट्ट मिटून बसलेली असतात. बोटाने दाबल्यास हा भाग टणक लागतो. खाली लोंबणारी मुळे काळी असतात आणि फक्त त्यांची टोके पांढरी असतात. मुळे काळी पाहून अनेकांनी धडधाकट रोपे फेकून दिली आहेत, पण या जातीत तो रंग नैसर्गिकच आहे. रायझोम तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारा असेल तरच आशा सोडावी. तेव्हाही एखादा पांढरा, टणक तुकडा शिल्लक असेल तर तो कापून वेगळा लावून पाहावा.

जागेची निवड हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. फ्लायट्रॅपसाठी शून्य ते दहा अंश सेल्सिअस हा पट्टा उत्तम होय. दिवसा पारा थोडा वर गेला तरी चालतो, मात्र रात्री पुन्हा गारवा मिळायला हवा. तापवलेल्या घरातली खिडकी यासाठी फारशी कामाची नसते. विनातापवलेली खोली, काचेचा बंद व्हरांडा, गॅरेजची खिडकी किंवा बाहेरचा शीतसाचा (काचेच्या झाकणाची, न तापवलेली पेटी) यांपैकी जे उपलब्ध असेल ते वापरावे. हिरवी पाने टिकून आहेत तोवर रोपाला उजेड लागतो, त्यामुळे थंड पण अंधारी जागा महिनोन्‌महिने वापरू नये. फ्रीजचा अपवाद आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. रोपवाटिकेच्या उबदार हरितगृहातून भर हिवाळ्यात आलेले रोप थेट दहिवरात, म्हणजे गोठलेल्या दवात, ठेवू नये. त्याला दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्याने गार जागेची सवय करावी.

जिथे पारा शून्याखाली जातो तिथे रोपाच्या जातीबरोबर कुंडीचा आकारही तितकाच महत्त्वाचा ठरतो. सारासेनिया पुर्पुरियाचे उत्तरेकडील प्रकार कॅनडापर्यंत आढळतात आणि कडक थंडी सोसतात. फ्लायट्रॅपलाही रात्रीपुरते हलके दहिवर बाधत नाही. परंतु जमिनीत लावलेले रोप जी थंडी सहज सोसते, तीच आठ सेंटिमीटरच्या कुंडीतल्या रोपाला मारू शकते, कारण लहान कुंडी चारही बाजूंनी गोठते. त्याहून मोठा धोका गोठण आणि वारा एकत्र येण्याचा असतो. मिश्रणातील पाण्याचा बर्फ झालेला असल्याने मुळांना पाणी शोषता येत नाही, आणि कोरडा वारा मात्र पानांतून ओल ओढून घेत राहतो. असे रोप थंडीने नव्हे, तर तहानेने मरते. यासाठी कुंड्या जमिनीवर एकमेकींना खेटून, वाऱ्याच्या आडोशाला ठेवाव्यात, शक्य असल्यास काठापर्यंत मातीत पुराव्यात आणि वरून पाइनच्या सुया किंवा कोरड्या गवताचा हातभर नव्हे, पण वीतभर सैलसर थर द्यावा. प्लॅस्टिकचा कागद थेट रोपांवर अंथरू नये, कारण ऊन पडताच आत वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशी दिसू लागते. उबदार दिवस लागोपाठ आल्यास आच्छादन उघडून हवा खेळू द्यावी.

पाण्याबाबत उन्हाळ्यातील सवय मोडावी लागते. वाढीच्या काळात कुंडी ट्रेमधील दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात उभी ठेवणे योग्यच असते, पण झोपेत मुळे फारसे पाणी ओढत नाहीत आणि गार, साचलेल्या पाण्यात रायझोम कुजू लागतो. ट्रे रिकामा ठेवावा, मिश्रण पिळून घेतलेल्या कापडाइतके ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे, आणि पुन्हा पाणी देण्याआधी कुंडी उचलून तिचे वजन हाताने अजमावावे. पूर्ण कोरडी मात्र ती कधीही होऊ देऊ नये. पाण्याची प्रत हिवाळ्यातही तीच हवी: पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओ पाणी, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ५० पीपीएमच्या आत. नळाच्या व विहिरीच्या पाण्यातील क्षार पीटमध्ये साठत जातात आणि त्यांचा परिणाम वसंतात नवीन पाने जळाल्यावर दिसतो, तेव्हा दोष थंडीच्या माथी मारला जातो.

किडे खाऊ घालणे या काळात पूर्ण बंद ठेवावे. थंडीत पाचकरसांचे काम इतके मंदावते की सापळ्यातला किडा पचण्याआधी सडतो, आणि ती सड पानाच्या देठातून बुडापर्यंत उतरते. खताचा प्रश्न तर कोणत्याच ऋतूत येत नाही, कारण ही रोपे निकस दलदलीतली असून त्यांच्या मुळांना खत म्हणजे विषच.

करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, थंड, दमट आणि कोंदट हवा फार मानवते. तिचा पहिला थारा मेलेल्या पानांवर असतो, म्हणून स्वच्छता हेच पहिले औषध समजावे. फ्लायट्रॅपची पूर्ण काळी झालेली पाने बुडाशी धरून, बाजूला हलके ओढून काढावीत. ती सहज येत नसतील तर स्वच्छ कात्रीने कापावीत. सारासेनियाच्या बाबतीत मात्र उत्साह आवरावा. उंच घट वरून वाळले तरी खालचा हिरवा भाग रोपाला अन्न पुरवत असतो, तेव्हा फक्त तपकिरी झालेला भाग छाटावा. सारासेनिया फ्लाव्हासारख्या जाती शरद ऋतूच्या अखेरीस तलवारीच्या पात्यासारखी, घट नसलेली चपटी पाने काढतात. ती विकृती समजून कापू नयेत, कारण हिवाळ्यात त्या रोपाचा सारा उदरनिर्वाह त्यांच्यावरच चालतो. किड्यांच्या सांगाड्यांनी गच्च भरलेले जुने घट कोसळले असतील तर ते काढून टाकावेत, आणि हे काम करताना नाकाला रुमाल बांधावा, एवढे अनुभवाने सांगतो. बुरशी दिसलीच तर बाधित भाग कापून हवा खेळती करावी आणि गंधकयुक्त बुरशीनाशक आधी एकाच रोपावर वापरून पाहावे. तांबेयुक्त औषधे या वनस्पतींवर वापरणे टाळावे.

जिथे हिवाळा सौम्य असतो आणि रात्रीही पारा दहा-बारा अंशांखाली जात नाही, तिथे फ्रीजचा मार्ग उरतो. दिवस सर्वांत लहान होण्याच्या सुमारास, रोपाची वाढ थांबल्यावर, ते कुंडीतून काढावे, रायझोम शुद्ध पाण्यात धुवावा, मेलेली पाने व कुजके भाग काढावेत आणि ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (दलदलीतील शेवाळात) गुंडाळावे. मॉस मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब गळता कामा नये, कारण या पद्धतीतले बहुतेक अपयश याच जादा थेंबात असते. मग ते झिपच्या पिशवीत ठेवून, नाव व तारीख लिहून, बर्फाच्या कप्प्यापासून दूर, एक ते पाच अंशांच्या भागात ठेवावे. इतक्या थंडीत रोपाचा व्यवहार जवळजवळ थांबलेला असल्याने अंधार बाधत नाही. दर दोन आठवड्यांनी पिशवी उघडून पाहावे, बुरशीचा ठिपका दिसल्यास तो भाग काढून मॉस बदलावे, आणि सुमारे तीन महिन्यांनी रोप बाहेर घ्यावे. कुंडी लहान असल्यास ती जशीच्या तशी पिशवीत घालूनही ठेवता येते, पण तिच्यात काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून मला उघड्या रायझोमची पद्धत अधिक भरवशाची वाटते.

थंड प्रदेशातील दवबिंदू आणि पिंग्विक्युला (चिकट पानांनी किडे पकडणारी वनस्पती) यांच्या बाबतीत नवख्यांची हमखास फसगत होते. त्यांची सर्व पाने नाहीशी होऊन मातीलगत फक्त एक घट्ट, हिरवी हिवाळी कळी उरते, आणि रिकामी कुंडी समजून ती ओतून दिली जाते. पिंग्विक्युला व्हल्गॅरिस व पिंग्विक्युला ग्रँडिफ्लोरा यांच्या कळीभोवती तांदळाच्या कण्यांसारख्या बारीक पिल्लकळ्याही येतात. त्या वेचून वेगळ्या लावल्यास प्रत्येकीचे रोप होते. मेक्सिकन पिंग्विक्युला हिवाळ्यात लहान, गुबगुबीत, चिकटपणा नसलेल्या पानांचा गुच्छ करतात. त्यांना गोठणाऱ्या थंडीची गरज नसते, पाणी मात्र अगदी बेताने द्यावे. पाण्यात तरंगणाऱ्या युट्रिक्युलेरियाच्या शेंड्यांना (सीतेची आसवे त्याच कुळातली) घट्ट गोळे येतात व ते तळाशी जाऊन बसतात. त्या टाक्यातले पाणी हिवाळ्यात उपसू नये, तळापर्यंत गोठूही देऊ नये.

सारासेनियाचे व थंड प्रदेशातील दवबिंदूंचे बी असेल तर तेही याच काळात ओलसर मॉसवर पसरून चार ते सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे, कारण त्या गारव्याशिवाय ते नीट रुजत नाही. फ्लायट्रॅपच्या बियांना ही गरज नसते.

कुंडी बदलण्याची आणि रायझोम विभागण्याची योग्य वेळ हिवाळ्याच्या अखेरीस, नवीन कोंब हलण्याआधी असते. खत न मिसळलेले पीट आणि परलाइट (ज्वालामुखी खडकाचे फुगवलेले हलके दाणे) समप्रमाणात घ्यावे व मिश्रण आधी शुद्ध पाण्यात पूर्ण भिजवावे. क्षार सोडणारी भाजक्या मातीची कुंडी टाळून प्लॅस्टिकची खोल कुंडी वापरावी. फ्रीजमधून काढलेले रोप पहिला आठवडाभर सावलीच्या उजेडात ठेवून नंतर उन्हात न्यावे. रोप अशक्त असेल आणि फुलाचा दांडा वर येऊ लागला, तर तो पाच सेंटिमीटरचा होताच कापावा. कोंबांवर मावा आढळल्यास कुंडीसकट रोप एक-दोन दिवस शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून ठेवता येते. ट्रेमध्ये पाणी पुन्हा भरणे नवीन पाने उलगडू लागल्यावरच सुरू करावे, आणि पहिला किडा तीन-चार नवे सापळे पूर्ण उघडून आतून रंग धरू लागल्यावर द्यावा.