लस घेतल्यावर पाळी बिघडली? आधी मोजा, मग ठरवा

‘लस घेतली आणि या वेळी खूपच अंगावरून गेलं’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘खूप’ म्हणजे किती, आणि एरवी किती जातं? हे घरीच मोजता येतं.

आधी तारखा. रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग धरायचा नाही. तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं की आपलं चक्र मिळतं. २४ ते ३८ दिवसांचं कुठलंही चक्र ठीक. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी एक टिंब पुरेसं आहे. लशीच्या तारखेला ‘ल’ लिहा. लस घेण्याआधीच्या दोन-तीन पाळ्यांची नोंद असेल तर उत्तम, कारण तुलना स्वतःशीच करायची असते, बहिणीशी किंवा मैत्रिणीशी नाही.

आता किती फरक अपेक्षित आहे ते बघू. कोरोनाच्या लशींनंतर अमेरिकेत सुमारे ४,००० जणींच्या ॲपमधल्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाळी सरासरी एका दिवसापेक्षाही कमी लांबली होती. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांची सुमारे दोन दिवस लांबली, पण पुढच्या एक-दोन पाळ्यांत गाडी रुळावर आली. सरासरी मात्र फसवी असते. काही जणींना आठवडाभराचाही फरक पडला. जास्त रक्तस्राव होऊ शकतो हेही खरंच. युरोपच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये फायझर आणि मॉडर्नाच्या लशींच्या माहितीपत्रकात तो नोंदवायला सांगितला. त्याचा मूल होण्याशी संबंध नाही.

हे का होतं? बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचे साधारण १४ दिवस फारसे हलत नाहीत. लवचीक असतो तो त्याआधीचा भाग. लशीने प्रतिकारशक्ती जागी होते तेव्हा मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थोडा उशिरा पोहोचत असावा. मग बीज उशिरा, म्हणून पाळीही उशिरा. तापात किंवा परीक्षेच्या ताणात पाळी पुढे जाते, तसंच काहीसं.

रक्तस्राव मोजायला डॉक्टर वापरतात तीच गुणपद्धत वापरा. थोडासा डाग पडलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठीला १, दहाच्या नाण्याएवढीला ५. समजा दुसऱ्या दिवशी तीन पॅड पूर्ण भिजले, दोन अर्धवट, आणि एक मोठी गाठ पडली: ६० + १० + ५ म्हणजे ७५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त, म्हणजे साधारण ८० मिलीहून अधिक. यात एक गोम आहे. जेलवाले पातळ पॅड बरंच शोषून घेतात आणि गुण कमी भरतात. म्हणून प्रत्येक महिन्याला पॅड एकाच प्रकारचं ठेवा. कप वापरत असाल तर गुणांची भानगडच नको, त्यावरच्या खुणांवरून मिलीमध्ये लिहा.

लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर किंवा धाप लागत असेल, तर नोंदी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठ दिवसांपेक्षा जास्त चाललं किंवा तीन पाळ्यांनंतरही बिघाड तसाच राहिला तर दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. पाळी आठवडाभर पुढे गेली आणि दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीवर किट वापरा. लशीवर ढकलून मोकळं होऊ नका. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर डाग जरी दिसला तरी तपासणी हवीच, मग लस कालच घेतलेली का असेना.

अंगात ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या, ॲस्पिरिन नको. त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

पाळीत लस घ्यायला हरकत नाही. ‘पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस नको’ हा एप्रिल २०२१ मधला व्हॉट्सॲप मेसेज सरकारने तेव्हाच खोटा ठरवला होता, पण तो अजून डोकं वर काढतो, विशेषतः मुलींच्या एचपीव्ही लशीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लशीच्या वेळी. ही लस ९ ते १४ वयात एकदाच किंवा सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा देतात. नेमकं याच वयात पाळी सुरू होते आणि पहिली एक-दोन वर्षं ती तशीही अनियमितच असते. म्हणून मुलीचं कॅलेंडर लशीआधीच सुरू करून द्या.