भट्टी पेटवायच्या आधी खाली वाका

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये परवा पुन्हा कुपोला, म्हणजे बीड वितळवायची उभी भट्टी, लावायचाय. मागच्या खेपेला यादी डोक्यात होती आणि नेमकी एक गोष्ट डोक्यातून गळली. म्हणून या वेळी कागदावर.

पहिली ओळ तीच. भट्टीच्या पोटाखालची जमीन कोरडी आहे का? वरवर नव्हे. पहार मारा, वीतभर उकरा, माती मुठीत दाबा. लाडू वळला तर त्या दिवशी भट्टी नाही.

झालं असं की हस्ताचा पाऊस रात्रभर लागला होता. सोलापुरात पावसाची सवय कुणाला? पत्र्याच्या फटीतून पाणी बरोबर तळाच्या दारांखाली साचलं. चिखल दिसू नये म्हणून पोरानं सकाळी वर चार घमेली कोरडी वाळू पसरली. मी बघितलं, कोरडं दिसलं, पुढे गेलो. संध्याकाळी भट्टी रिकामी करायला तळाच्या दारांचा टेकू ओढला, लालभडक कोक (भाजलेला दगडी कोळसा), मळी (वितळलेली घाण) आणि तळाला राहिलेलं पातळ बीड (ओतीव लोखंड) त्या वाळूवर कोसळलं आणि असा बार उडाला की शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातले लोक माग थांबवून बाहेर आले. एरवी तिथल्या खडखडाटात हाकही ऐकू जात नाही. तीन पत्रे फाटले, अण्णा मिस्त्रींच्या भुवया गेल्या. तेवढ्यावर भागलं ते नशीब. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट फुगतं. तापलेल्या कोकवर वरून पाणी मारलं तर वाफ उडून जाते, पण खाली अडकलेल्या पाण्याला वाटच नसते.

बरं, पुढे. आतलं विटांचं अस्तर बघा. टुयरच्या (हवा आत जायची भोकं) वरचा पट्टा सगळ्यात जास्त झिजतो, तिथल्या विटा खरवडून फायर क्लेनं (आगीत टिकणारी माती) भरा आणि सुकू द्या. तळाची दारं लावा, टेकू द्या, वर वाळूचा थर टॅप होलकडे (बीड बाहेर काढायचं भोक) उतार देऊन ठोका. फार ठोकलात तर शेवटी ती वाळू दारं उघडूनही खाली पडत नाही, सैल ठेवलीत तर बीड गळतं. हे लिहून कळत नाही, अण्णांना ठोकू द्या.

दारं लावली म्हणजे खाली वाकायचं काम संपलं असं नाही. पुन्हा बघा. आदल्या दिवशी कोरडी असलेली जमीन रात्रीत ओली होते.

सरपण, मग कोक. ब्लोअर (हवा मारायचा पंखा) लावायच्या दोन-तीन तास आधी पेटवा. कोकचा थर टुयरच्या वर साधारण मीटरभर हवा, वरून साखळी सोडून मोजा, अंदाज नको. मग थरावर थर : २०० किलो माल (वितळवायचं लोखंड), २५ किलो कोक, ६ किलो चुनखडी. चुनखडी राख आणि घाण धरून मळी पातळ करते. ती विसरलात तर मळी चिकट होते आणि टुयर बुजतात. भंगाराचा तुकडा भट्टीच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, आडवा अडकला की सगळं लटकतं. तोंड बंद असलेला पाइप, शॉकअॅब्सॉर्बर आत तापून फुटतात, ते टाकणाऱ्याला तिथूनच घरी पाठवा.

कपडे सुती. टेरिकॉटची पँट वितळून कातडीला चिकटते. नाडीचे बूट नकोत, आत ठिणगी गेली की झटक्यात निघाले पाहिजेत.

लेडल (बीड ओतायचं भांडं) आणि टॅप होलची पहार आधी तापवून घ्या. कारण तेच, ओल. ब्लोअर लावल्यावर सात-आठ मिनिटांत टुयरच्या काचेतून थेंब दिसले तर थर बरोबर. बीड ११५०-१२०० अंशांना वितळतं, पण ओतायला १४०० च्या वर लागतं, म्हणून पहिली, थंड धार साच्यात घालू नका, वाळूत सोडा. मधेच वीज गेली तर आधी टुयरची झाकणं उघडा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड ब्लोअरच्या पाइपात शिरतो आणि वीज परतल्यावर तिकडेच स्फोट.

साचे, कोअर, वजनं, हे तुम्हाला माहीतच आहे.

शेवटी ब्लोअर बंद, झाकणं उघडी, बीड आणि मळी पूर्ण काढून घ्या, माणसं लांब, टेकू साखळीनं ओढा. पण ओढायच्या आधी खालची माती आणखी एकदा. आत कुणी शिरायचं नाही, लांब दांड्याचं खोरं घालून बाजूची ओढून घ्या. कुणी आज पाणी मारलं का, तेही विचारा. पाण्याचं पिंप भट्टीपासून लांब ठेवायला मी परवाच सांगितलंय, आज सकाळी बघतो तर पुन्हा तिथेच.