डिजिटल लग्नपत्रिका : सोलापूरकरांनी किफायतशीर सेवा कशी निवडावी

डिजिटल पत्रिकेची चौकशी केली की समोरून सर्वप्रथम नमुने येतात आणि बहुतेक घरांत पत्रिकेची निवड त्या नमुन्यांवरूनच होते. ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते, असे माझे मत आहे. पत्रिका कोणाकोणाला जाणार, त्यांपैकी किती जणांकडे स्मार्टफोन आहे, कोण कोणती लिपी वाचतो आणि कोणाला घरी जाऊनच बोलावावे लागेल, हे ठरण्यापूर्वी कोणतीही सेवा स्वस्त की महाग हे सांगताच येत नाही. म्हणून कोणाशीही दराची बोलणी करण्यापूर्वी वधू-वरांच्या घरच्यांनी एकत्र बसून पाहुण्यांची यादी पूर्ण करावी आणि प्रत्येक नावापुढे छापील, डिजिटल किंवा दोन्ही, अशी नोंद करावी.

छापील पत्रिका पूर्णपणे बंद करावी, असा सल्ला मी सोलापुरात तरी देणार नाही. पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि कुलदैवतापुढे ठेवली जाते. मग ते दैवत तुळजापूरची भवानी असो, पंढरीचा विठ्ठल असो वा ग्रामदैवत सिद्धेश्वर. संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यापुढील अक्षता सोहळ्यासाठी ज्या शहरात प्रचंड जनसमुदाय लोटतो, त्या शहरातील वडीलधाऱ्यांना अक्षतांवाचून आलेले निमंत्रण अपुरे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय विवाह नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका मागितली जाते, हे व्यावहारिक कारणही आहेच. आजोळ, मामा, आत्या, व्याही, गुरुजी आणि शेजारची जुनी घरे एवढ्यांसाठी मोजक्या पत्रिका छापून घ्याव्यात आणि उरलेली यादी डिजिटल पत्रिकेकडे सोपवावी.

येथे हिशेबाची एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. छपाईत मांडणी आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे पत्रिकांची संख्या निम्मी केली म्हणून खर्च निम्मा होत नाही. समजा ४०० घरांसाठी २५ रुपयांची पत्रिका घेतली, तर १०,००० रुपये झाले. त्याऐवजी ७५ पत्रिका ४० रुपये दराने छापल्या आणि डिजिटल पत्रिकेवर २,५०० रुपये खर्च केले, तर एकूण ५,५०० रुपये होतात. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत; आपल्याला मिळालेले दर त्यांच्या जागी घालून पाहावेत. गावोगावी पत्रिका वाटण्यासाठी लागणारे पेट्रोल आणि दिवस मात्र या हिशेबात अवश्य धरावेत, कारण करमाळा, सांगोला, अक्कलकोट आणि बार्शी अशा चार दिशांना नातेवाईक असलेल्या कुटुंबाचा वाटपाचा खर्च कधीकधी छपाईच्या बरोबरीने जातो.

भाषेचा प्रश्न सोलापुरात इतर शहरांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांचे नातेवाईक तेलंगणात असतात आणि भिवंडी-सुरतेतही असतात. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील घरांची सोयरीक विजयपूर आणि कलबुर्गीपर्यंत पोहोचलेली असते. अनेक मुस्लिम कुटुंबांना दावतनामा उर्दूत हवा असतो. मात्र घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा प्रत्येक जण ती लिपी वाचतो असे नाही, कारण अनेकांचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले असते. त्यामुळे शहरातल्या नातेवाइकांना मराठी पत्रिका आणि पलीकडच्या राज्यांतील नातेवाइकांना त्यांच्या लिपीतील पत्रिका, अशी विभागणी योग्य ठरते. सेवा देणाऱ्याला आरंभीच विचारावे की दुसऱ्या भाषेतील प्रत नव्या पत्रिकेच्या दराने मिळेल की केवळ मजकूर बदलण्याच्या दराने; या एका उत्तरावर एकूण खर्च बराच अवलंबून असतो. भाषांतर मात्र संगणकावर सोडू नये. नातेवाचक शब्द आणि माणसांची नावे यांत यांत्रिक भाषांतराची हमखास गल्लत होते, म्हणून तो मजकूर घरातील किंवा नात्यातील जाणत्या व्यक्तीकडूनच लिहून घ्यावा.

आता पत्रिकेच्या स्वरूपाकडे वळू. सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोगी स्वरूप म्हणजे एका उभ्या पानाचे चित्र आणि त्याला जोडून दोन-तीन पानांची पीडीएफ. त्यानंतर संगीतासह चलचित्राची पत्रिका येते; ती ३० ते ४५ सेकंदांहून लांब नसावी आणि तिच्यातील तारीख, वेळ व स्थळ हे शांतपणे वाचता येईल इतका काळ पडद्यावर राहावे. वधू-वरांची व्यंगचित्रे, त्रिमिती देखावे आणि प्रत्येक पाहुण्याचे नाव घातलेली वेगळी पत्रिका यांमुळे दर वाढतो, परंतु पाहुण्याला लागणाऱ्या माहितीत काही भर पडत नाही. स्वतंत्र संकेतस्थळ आणि त्यावरून येणार की नाही हे कळवण्याची सोय यांचा आपल्याकडे फारसा उपयोग होत नाही, कारण आपले पाहुणे असे अर्ज भरत नाहीत, फोनवर सांगतात. पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून मुक्कामाला येणाऱ्यांची संख्या मोठी असेल, तर केवळ त्यांच्यासाठी गुगलचा विनामूल्य फॉर्म करावा आणि त्यात गाडी किती वाजता पोहोचणार व किती जण राहणार, एवढेच विचारावे.

सेवा मिळण्याचे मार्ग तीन आहेत. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकावर सराईत असेल, तर कॅनव्हा या ऑनलाइन मांडणी-साधनासारख्या साधनावर पत्रिका विनामूल्य तयार होते. फक्त सशुल्क चित्रे वापरल्यास पैसे भरेपर्यंत त्यांवर जलचिन्ह (वॉटरमार्क) राहते, म्हणून विनामूल्य घटकच निवडावेत. दुसरा मार्ग स्थानिक छापखान्याचा किंवा डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, करणाऱ्याचा. ज्याच्याकडे मोजक्या पत्रिका छापायच्या आहेत, त्याच्याकडूनच त्याच मांडणीची पीडीएफ आणि चित्र मागितले, तर बहुधा थोडक्या वाढीव रकमेत काम होते आणि दोन्ही पत्रिकांत मजकूर एकच राहतो. तिसरा मार्ग ऑनलाइन सेवांचा. त्यांच्याकडे नमुने भरपूर असतात, पण पुष्कळसे नमुने इंग्रजी किंवा हिंदी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. मराठी पत्रिका त्यांत बसवताना खरी अडचण येते ती नावांची.

मराठी पत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून निमंत्रक, प्रेषक, मामा, मावशी, आत्या आणि लहानग्यांच्या लाडिक ओळीपर्यंत तीस-चाळीस नावे सहज होतात. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर ती सर्व बसवायला गेले, तर अक्षर इतके बारीक होते की आजोबांना मुहूर्तही दिसत नाही. आणि नावे गाळली तर मानपानाचे रुसवे-फुगवे लग्नाआधीच सुरू होतात. नाव गाळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण पत्रिकेतले नाव हे त्या माणसाच्या घरातील स्थानाची जाहीर कबुली असते आणि चार पैसे वाचवण्यासाठी ती नाकारणे योग्य नाही. मार्ग असा की पहिल्या चित्रात वधू-वर, त्यांचे आई-वडील, तिथी व तारीख, मुहूर्त आणि स्थळ एवढेच ठेवावे आणि सर्व नावे पीडीएफच्या दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत, छापील पत्रिकेतल्याच क्रमाने द्यावीत. ज्या सेवेच्या नमुन्यात दुसऱ्या पानाची सोय नाही, ती कितीही स्वस्त असली तरी आपल्या कामाची नाही.

अक्षरांबाबत तितकीच दक्षता घ्यावी. चलचित्राच्या काही साधनांत देवनागरीची जोडणी नीट होत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून वेगळी उभी राहतात. सेवा पारखण्याची सोपी कसोटी म्हणजे ‘वऱ्हाडी’, ‘श्रीकृपेकरून’, ‘स्नेहांकित’ आणि ‘ज्येष्ठ’ हे शब्द त्यांच्या नमुन्यात घालून पाहण्याची विनंती करावी. चारही शब्द नीट उमटले, तर पुढे बोलावे. तिरो देवनागरी मराठी आणि मुक्ता हे फाँट विनामूल्य आहेत व पत्रिकेला शोभतात. त्यांपैकी पहिल्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. आपला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखाच दिसणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, टाइप करून द्यावा, कारण छापखान्यातील जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हे होतात आणि पुन्हा टाइप करताना नव्या चुका शिरतात. तयार झालेली पत्रिका दोन्ही घरांतील प्रत्येकी एका ज्येष्ठ व्यक्तीने मोठ्याने वाचावी, आणि तारीख व वार यांचा मेळ दिनदर्शिकेशी घालून पाहावा.

दराची बोलणी करताना एकूण रक्कम लेखी घ्यावी. व्हॉट्सॲपवरील संदेशही त्यासाठी पुरेसा असतो. दर पानावर आहे, सेकंदावर आहे की एकरकमी आहे. किती वेळा दुरुस्ती विनामूल्य होईल. सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे का. काम किती दिवसांत मिळेल. आणि शेवटी फाइल कोणत्या स्वरूपात हाती येईल, हे सर्व त्यात स्पष्ट असावे. दुरुस्तीच्या संख्येकडे विशेष लक्ष द्यावे. मुहूर्त पाच मिनिटांनी सरकतो, हळदीची जागा बदलते, एखाद्या काकांचे नाव राहून जाते. हे प्रत्येक लग्नात घडते आणि प्रत्येक बदलाला वेगळे पैसे मोजावे लागले, तर स्वस्त दिसणारी सेवा महाग पडते. पूर्ण रक्कम आधी देऊ नये. काही रक्कम आगाऊ, आपल्या नावांसह कच्चा नमुना पाहिल्यावर पुढची आणि अंतिम फाइल मिळाल्यावर शेवटची, हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा असतो. तुळशी विवाहानंतर लग्नसराई सुरू झाली की कलाकारांकडे गर्दी होते, त्यामुळे मुहूर्त त्या काळातला असेल तर दिवाळीपूर्वीच काम सोपवावे. संगीत निवडताना सिनेमाच्या गाण्याचा आग्रह धरू नये. समाजमाध्यमांवर असे चलचित्र टाकले की स्वामित्वहक्कामुळे त्याचा आवाज बंद केला जाऊ शकतो. हक्कमुक्त सनई-चौघडा सेवेकडे आहे का, हे विचारावे.

सुरक्षिततेचा विषय मी दराइतकाच महत्त्वाचा मानतो. लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, पाठवून मोबाइल ताब्यात घेण्याचे आणि बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार घडले आहेत. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांच्या सायबर विभागाने याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यामुळे पाहुण्याला एखादे ॲप उतरवायला लावणारी सेवा घेऊच नये. केवळ दुव्यावर उघडणारी पत्रिकाही शक्यतो टाळावी, कारण सावध माणूस असा दुवा उघडणार नाही आणि तसे करणे योग्यच आहे. चित्र आणि पीडीएफ पाठवावी आणि तिच्यासोबत घरातील मोठ्या माणसाच्या आवाजातील अर्ध्या मिनिटाचे बोलावणे जोडावे. आवाज ओळखीचा असला की शंका उरत नाही आणि निमंत्रणाला आपुलकी येते. कोणाची फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. काही ऑनलाइन सेवा पाहुण्यांच्या क्रमांकांची संपूर्ण यादी चढवायला सांगतात. ती देऊ नये. नातेवाइकांचे क्रमांक परक्यांच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. वधू-वरांच्या जन्मतारखाही पत्रिकेत घालू नयेत.

पत्रिका हाती आल्यावर ती पाठवण्याचीही एक रीत आहे. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) २५६ जणांचा समावेश करता येतो, परंतु ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून वडिलांच्या ओळखीच्या माणसांना वडिलांच्याच फोनवरून पत्रिका जावी. एकच संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे पाठवता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल घरातील चार-पाच जणांना देऊन यादी वाटून घेणे सोयीचे पडते. चित्र दस्तऐवज म्हणून पाठवल्यास त्याची स्पष्टता कमी होत नाही. चित्रावर छापलेला नकाशाचा दुवा दाबून उघडत नाही, आणि ज्या फोनवर पत्रिका आली त्याच फोनने तिच्यावरील क्यूआर कोड टिपणे बहुतेकांना जमत नाही. म्हणून मंगल कार्यालयाच्या नकाशाचा दुवा संदेशातच लिहावा, क्यूआर कोड छापील पत्रिकेसाठी राखावा, आणि तो दुवा कार्यालयाच्या प्रवेशद्वाराशी प्रत्यक्ष उभे राहून घ्यावा, कारण जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याच्या बाजूला नव्याने आलेल्या पाहुण्याला मागच्या गल्लीतील खूण चुकीच्या दारात नेऊन सोडते.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच यादीला एक छोटा संदेश पाठवावा. त्यात मुहूर्त, कार्यालयाचे नाव, नकाशाचा दुवा आणि स्थानकावर किंवा बसस्थानकावर उतरणाऱ्यांनी कोणाला फोन करावा त्या व्यक्तीचे नाव व क्रमांक असावा. हा संदेश सेवा देणाऱ्याकडून सजवून घेण्याची गरज नाही. साध्या मजकुरात तो लगेच वाचला जातो आणि त्याला पैसेही पडत नाहीत.