‘पर्यंत’चं इंग्रजी करताना: ‘बाय’ की ‘अनटिल’?

‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भर’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांब’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अनटिल’. ‘तारीख आली की बाय’ हा क्लासमधला नियम डोक्यातून काढून टाका. दोन्ही वाक्यांत तारीख आहेच की!

आधी क्रियापद बघा. भरणं, पाठवणं, पोहोचणं एकदा झालं की संपतं, तिथे ‘बाय’. थांबणं, झोपणं, वाट बघणं त्या वेळेपर्यंत चालूच राहतं, तिथे ‘अनटिल’. म्हणून ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ चूक, ‘बाय फ्रायडे’ बरोबर.

‘टिल’ आणि ‘अनटिल’ अर्थाने एकच. ‘टिल’ हे संक्षिप्त रूप नव्हे, उलट तोच जुना शब्द.

पुढे वाक्य येणार असेल तर नुसता ‘बाय’ चालत नाही, ‘बाय द टाइम’ लागतो.

आता नकार. इथे मी स्वतः कित्येक वर्षं चुकत होतो. आपण म्हणतो, ‘जोपर्यंत पैसे येत नाहीत, तोपर्यंत माल पाठवणार नाही.’ दोन ‘नाही’. मीही परदेशातल्या ग्राहकाला तसंच लिहिलं: ‘वुई विल नॉट सेंड द गुड्स अनटिल द पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड.’ त्याचा उलट प्रश्न आला, पैसे आधी द्यायचे की नंतर? मराठीतला ‘येत नाहीत’मधला नकार इंग्रजीत ‘अनटिल’च्या पोटातच असतो. त्यामुळे ‘अनटिल’नंतरचा ‘नॉट’ खोडायचा: ‘अनटिल द पेमेंट इज रिसीव्ह्ड.’ तिथे ‘विल’ही घालू नका. ‘अनटिल ही विल कम’ नाही, ‘अनटिल ही कम्स’. मेल पाठवण्याआधी मी आजही ‘अनटिल’वर बोट ठेवून पुढचे शब्द वाचतो.

नकारात ‘बाय’ आणि ‘अनटिल’ची अदलाबदल केली तर अर्थच बदलतो. ‘द रिपोर्ट वोन्ट कम अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी रिपोर्ट येणार नाही, शुक्रवारी येईल. ‘द रिपोर्ट वोन्ट कम बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार संपला तरी हातात नसेल. मराठीत दोन्हीला आपण ‘शुक्रवारपर्यंत येणार नाही’ म्हणून मोकळे होतो. तेव्हा भाषांतराला बसण्याआधी बोलणाऱ्यालाच विचारा: शुक्रवारी येणार, की शुक्रवारीही नाही?