‘रीरन’ लिहिताना या चुका टाळा

मनोरंजन पुरवणीचा मजकूर तपासण्याचे आणि अधूनमधून इंग्रजी माहितीपटांच्या उपशीर्षकांचा अनुवाद करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि या काळात ‘रीरन’ (आधी दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवणे) या एवढ्याशा शब्दाने जितका मनस्ताप दिला, तितका एखाद्या बोजड पारिभाषिक संज्ञेनेही दिलेला नाही. ‘री’ म्हणजे पुन्हा आणि ‘रन’ म्हणजे धावणे किंवा चालणे, एवढे ठाऊक असले की नवखा अनुवादक कोश उघडण्याची तसदी घेत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘मालिका रीरनमध्ये गेली’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे ‘मालिका पुन्हा सुरू झाली’ असे भाषांतर करणे. मूळ वाक्याचा अर्थ जवळजवळ उलटा असतो. नवे भाग बनणे थांबले आहे, कायमचे किंवा तात्पुरते, आणि आधी चित्रित झालेलेच भाग आता दाखवले जात आहेत, असे ते वाक्य सांगते. मार्च 2020 मध्ये चित्रीकरणे बंद पडली, वाहिन्यांकडचे नवे भाग संपत आले आणि जो तो जुने भाग काढू लागला. 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झालेले ‘रामायण’ दूरदर्शनने 28 मार्च 2020 पासून सकाळी 9 आणि रात्री 9 वाजता पुन्हा दाखवायला घेतले, ते सर्वांच्या लक्षात असेल. त्याच दिवसांत आमच्याकडच्या एका तरुण सहकाऱ्याने एका मराठी मालिकेच्या रीरनविषयी आलेले इंग्रजी टिपण घाईघाईने मराठीत आणले आणि ‘लाडकी मालिका पुन्हा सुरू’ असा मथळा दिला. मी घरून काम करीत होतो. मोबाइलच्या पडद्यावर मजकूर पाहिला आणि पुढे जाऊ दिला, म्हणजे दोष माझाही होताच. दुसऱ्या दिवशी नवे भाग कधीपासून, असे विचारणारे वाचकांचे फोन आले, ते अपेक्षितच होते. मात्र एक फोन सेटवर लाइटचे काम करणाऱ्या माणसाचा होता. ‘दादा, काम सुरू झालं म्हणे. आम्हाला कुणी कळवलंच नाही. गावाहून निघू का?’ असे त्याने विचारले, आणि त्याला ‘नाही’ म्हणून सांगताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

तेव्हापासून ‘रीरन’ दिसला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या कार्यक्रमासाठी कॅमेरा नव्याने चालू झाला आहे का? झाला नसेल, तर ‘जुने भाग पुन्हा दाखवणार’ असे लिहावे. मथळ्यात जागा पुरत नाही ही सबब मी ऐकून घेत नाही. ‘पुन्हा प्रेक्षकांच्या भेटीला’ ही पळवाट तर त्याहून वाईट, कारण ती नव्या पर्वालाही चालते आणि जुन्यालाही. रीमेक ही वेगळीच गोष्ट आहे, कारण तिथे जुन्या कथेचे चित्रीकरण नव्याने झालेले असते.

दुसरी चूक व्युत्पत्तीची असून तिचा प्रसार मात्र पहिलीपेक्षा मोठा आहे. ‘रीरन हा शब्द आय लव्ह लुसी या अमेरिकी विनोदी मालिकेने जन्माला घातला’ असे विधान दर काही महिन्यांनी कुणीतरी ठणकावून लिहितो. यात खरे आणि खोटे एकत्र कालवलेले आहे. इंग्रजीत शर्यत पुन्हा घेण्याच्या अर्थाने हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून आहे. नाटकाचे प्रयोग सलग होत राहणे याला इंग्रजीत ‘रन’ म्हणतात, तोच शब्द पुढे चित्रपटगृहांतल्या मुक्कामाला लागला आणि 1930 च्या दशकात, अमेरिकेत घरोघरी टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी, पुन्हा दाखवलेल्या चित्रपटाला ‘रीरन’ म्हटले जात होते. तेव्हा शब्दाचे पितृत्व लुसीकडे जात नाही.

तिच्याकडे जाते ते प्रथेचे श्रेय. ही मालिका 15 ऑक्टोबर 1951 रोजी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा बहुतेक कार्यक्रम थेट होत असत आणि त्यांची नोंद ठेवायची तर टीव्हीच्या पडद्याचेच चित्रण करावे लागे, जे अंधूक येई. लुसीची भूमिका करणारी लुसिल बॉल आणि तिचा पती देसी आर्नाझ यांनी प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, 35 मिलिमीटरच्या फिल्मवर मालिका चित्रित केली आणि वाढीव खर्चापोटी मानधन कमी घेऊन त्या फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. 1952-53 मध्ये ती गरोदर असताना तिला विश्रांती मिळावी म्हणून जुने भाग पुन्हा दाखवले गेले, आणि एकदा पाहिलेले लोक पुन्हा आवडीने पाहतात हे सर्वांना दिसले. चांगली फिल्म हाताशी होती म्हणूनच हे जमले, ही गोष्ट गरोदरपणाचा किस्सा रंगवणारे सहसा सांगत नाहीत.

याच प्रकरणाचे एक शेपूट आहे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांत तीन तासांचा फरक असल्याने जुन्या रेडिओवर अनेक कार्यक्रमांचे कलाकार पश्चिमेसाठी तोच कार्यक्रम रात्री पुन्हा प्रत्यक्ष सादर करीत. त्याला ‘रिपीट’ म्हणत, परंतु तो रीरन नव्हे, तो दुसरा प्रयोग होता.

बाकीच्या चुका थोडक्यात आटोपतो. ब्रिटिश माणूस ‘रीरन’ऐवजी ‘रिपीट’ म्हणतो, त्यामुळे लंडनच्या पात्राच्या तोंडी अमेरिकी शब्द घालू नये. ‘सिंडिकेशन’ म्हणजे रीरन नव्हे. ती कार्यक्रम वेगवेगळ्या केंद्रांना स्वतंत्रपणे विकण्याची पद्धत असून तिच्यात अगदी नवे कार्यक्रमही विकले जातात. एकच कार्यक्रम एकाच वेळी दोन ठिकाणांहून लावणे हे ‘सायमलकास्ट’, त्याला आकाशवाणीचा ‘सहक्षेपण’ हा सुंदर मराठी शब्द उपलब्ध असताना ‘पुनःप्रसारण’ का लिहितात, ते मला कळत नाही. क्रियापदाचा भूतकाळ ‘रीरॅन’ होतो, ‘रीरन्ड’ असे रूप इंग्रजीत नाही. ‘2020 च्या लढतीचा रीरन’ असे 2024 च्या अमेरिकी निवडणुकीबद्दल लिहिले गेले, तेव्हा त्याचा अर्थ तेच दोघे पुन्हा समोरासमोर असा होता, फेरमतदान असा नव्हे.

राहता राहिला मराठी प्रतिशब्द. ‘पुनर्प्रक्षेपण’ हे रूप सर्रास छापले जाते आणि ते संधीच्या नियमाला धरून नाही. ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विवाह’ येथे पुढे मृदू व्यंजन असल्याने र येतो. पुढे ‘प’ असेल तर विसर्ग राहतो, जसा ‘पुनःप्रत्यय’मध्ये राहतो, म्हणून ‘पुनःप्रक्षेपण’. अर्थात उपग्रहाच्या बातमीशेजारी हाही शब्द मी टाळतो, कारण यान पुन्हा सोडणार की मालिका पुन्हा दाखवणार, हे कळायला वाचकाला दोन ओळी खर्च कराव्या लागतात.